तीन पिक्सेलचे घारे डोळे

‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा सिनेमा २०१८च्या दिवाळीत आला. आजही त्याबद्दल कुणाशी बोला, पहिल्या दोन वाक्यांत डोळे येतातच. घाणेकरांचे घारे डोळे दिसावेत म्हणून सुबोध भावेने लेन्स घातल्या होत्या. कुणाला त्या एकदम जमून आल्यासारख्या वाटतात, कुणाला जरा जास्तच वाटतात. चर्चा तिथेच संपते.

मला वाटतं, लेन्स जमल्या की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारायला हवं, की रंगभूमीवरच्या एका नटाचं मोठेपण सांगताना त्याच्या बुबुळांचा रंग इतका महत्त्वाचा का ठरतो? आणि तो रंग दुसऱ्या नटाच्या डोळ्यांवर चढवला, की नक्की काय हाती लागतं आणि काय निसटतं?

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. नाटकाचं शिक्षण नाही. घाणेकर १९८६ साली गेले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्यामुळे ‘आम्ही त्यांना पाहिलंय हो’ छापाच्या आठवणी माझ्याकडे नाहीत. थोडं गणित आहे. सुरुवात तिथूनच करतो.

पंधरा मीटरवरून

निकोप नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील दिसतो. त्याला नजरेचा एक पिक्सेल म्हणू. पंधरा मीटरवर, म्हणजे नाट्यगृहातल्या मधल्या रांगांमध्ये, हा एक पिक्सेल साधारण साडेचार मिलिमीटरचा होतो. माणसाचं बुबुळ सुमारे बारा मिलिमीटर रुंद असतं. म्हणजे मधल्या रांगेतल्या माणसाला नटाचं बुबुळ जेमतेम तीन पिक्सेल दिसतं. पाच मीटरवर, पहिल्या-दुसऱ्या रांगेत, आठ. बाल्कनीचं तर बोलायलाच नको. त्यात बारीक गोष्टींचा उजेड-अंधार आपल्याला जितका कळतो तितका रंग कळत नाही. तीन पिक्सेलमध्ये घारा, तपकिरी की काळा, हे ठरवणं जवळजवळ अशक्य.

आता तोच डोळा मोबाइलवर बघा. फोन आडवा धरलाय आणि चेहरा भरून क्लोज-अप आहे. बुबुळ स्क्रीनवर चार मिलिमीटरचं, फोन डोळ्यांपासून फूटभर लांब. नजरेचे पिक्सेल मोजले तर पंचेचाळीसच्या आसपास येतात. नाट्यगृहाच्या पंधरा पट.

१९६२ साली वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगमंचावर आलं आणि घाणेकरांचा संभाजी लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या आला. या भूमिका ज्यांनी शिट्ट्या मारून साजऱ्या केल्या, त्यातल्या बहुतेकांना ते डोळे नाटकात दिसलेलेच नव्हते! दिसले ते फोटोंत, ‘पाठलाग’ आणि ‘मराठा तितुका मेळवावा’सारख्या १९६४च्या कृष्णधवल सिनेमांत आणि ऐकीव गप्पांत. कृष्णधवल फिल्मवर घारा रंग कळत नाही, फक्त बुबुळ फिकट दिसतं. म्हणजे घाणेकरांच्या डोळ्यांची कीर्ती खरी असली, तरी त्यांच्या नाटकाची कीर्ती डोळ्यांच्या रंगावर उभी नव्हती. ती आवाजावर, चालण्यावर, एंट्रीवर आणि थांबण्यावर उभी होती.

रंगमंचाला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. कथकलीचे कलाकार रंगभूषा झाली की डोळ्यांत चुंडा नावाच्या झाडाच्या फुलातला बारीकसा दाणा घालतात. त्याने डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक होतो आणि हिरव्या रंगवलेल्या चेहऱ्यावर तो लांबूनही उठून दिसतो. बुबुळाच्या वाटेला ते जातच नाहीत. नजर कुठे वळली हे लांबच्या माणसाला कळतं ते पांढरा भाग आणि बुबुळ यांच्यातल्या फरकामुळे. काळंभोर बुबुळ या कामी जास्त उपयोगी. घारं बुबुळ पांढऱ्याच्या जवळ सरकतं आणि फरक कमी होतो. म्हणजे रंगमंचावरच्या नटासाठी घारे डोळे ही सोय तर नाहीच, उलट किंचित अडचण आहे. घाणेकर गाजले त्यात डोळ्यांचा वाटा नव्हता, असं हे गणित सांगतं.

बुबुळ म्हणजे रंगवलेली चकती नव्हे

आता लेन्सकडे येऊ. योगायोग असा, की मऊ लेन्सचा जन्म घाणेकरांच्या संभाजीच्या थोडाच आधीचा. १९६१च्या नाताळात ओटो विख्टरले या चेक रसायनशास्त्रज्ञाने प्रागमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याच्या तुकड्यांचं आणि सायकलच्या डायनॅमोचं यंत्र जोडलं आणि त्यावर पहिल्या मऊ लेन्स फिरवून काढल्या. तेव्हा त्या पारदर्शकच होत्या. गडद डोळ्यांवरही रंग चढवणाऱ्या अपारदर्शक छपाईच्या मऊ लेन्स बाजारात यायला १९८०चं दशक उजाडलं.

साधी, बिनरंगाची लेन्ससुद्धा चेहरा बदलते. माझा नंबर मायनस साडेपाच. अशा नंबराचा चष्मा डोळे लहान करून दाखवतो, काचेच्या कडेला गालाची रेषही आत सरकलेली दिसते. लेन्स घातली की डोळे आपल्या मूळ मापाचे दिसतात. मी लेन्स घालून ऑफिसला गेलो की कुणीतरी हमखास विचारतं, “काय, आज झोप झालेली दिसतेय?” झोप तेवढीच झालेली असते.

रंगीत लेन्सची गोष्ट वेगळी. खरं बुबुळ डोळ्याच्या पृष्ठभागावर नसतं. त्याच्या पुढे पारदर्शक घुमट असतो, मध्ये पाणी असतं आणि सुमारे तीन मिलिमीटर आत ही रंगीत चकती असते. तीही सपाट नाही. त्यात धागे असतात, खळगे असतात. गडद डोळ्यांत मेलॅनिन भरपूर असतं. फिकट डोळ्यांत ते कमी असतं आणि निळसर-करडी छटा कुठल्याही निळ्या रंगद्रव्यातून येत नाही, धाग्यांत उजेड विखुरल्यामुळे ती तयार होते. आकाश निळं दिसतं त्याच जातीचा हा प्रकार. म्हणून फिकट डोळे खिडकीपाशी एक रंग दाखवतात, ट्यूबलाइटखाली दुसरा. बाजूने उजेड पडला तर घुमट तो उजेड गोळा करून बुबुळाच्या पलीकडच्या कडेवर टाकतो आणि तिथे चंद्रकोरीसारखी चमक दिसते.

लेन्सवर रंगाचे बारीक ठिपके छापलेले असतात आणि ती बसते घुमटाच्या वर. समोरून पाहिलं तर चटकन फसायला होतं. बाजूने पाहिलं की रंग तीन मिलिमीटर पुढे आल्याचं कळतं. खोली गेलेली असते. ती चंद्रकोरही झाकली जाते, कारण उजेड आत पोचण्याआधीच ठिपक्यांवर अडतो.

दुसरी अडचण मधल्या भोकाची. आपली बाहुली उजेडात दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आक्रसते आणि अंधारात सात-आठपर्यंत पसरते. छापलेल्या रंगात दिसण्यासाठी ठेवलेलं भोक मात्र एकाच मापाचं, साधारण पाच मिलिमीटरचं. कडक उजेडात बाहुली लहान झाली की ती आणि छापील रंग यांच्यामध्ये मूळ तपकिरी कडं डोकावतं. म्हणून बऱ्याच लेन्समध्ये आतल्या बाजूला मुद्दाम पिवळट-तपकिरी छटा देतात, दोन रंग एकमेकांत मिसळावेत म्हणून. अंधारात उलट होतं. बाहुली भोकापेक्षा मोठी होते, पण बघणाऱ्याला भोकच दिसतं. बाहुलीचं पसरणं झाकलं जातं.

हा तपशील अभिनयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस यांनी १९६०च्या दशकात दाखवायचा प्रयत्न केला, की समोरचं दृश्य आवडलं, कुतूहल वाटलं, तर आपली बाहुली पसरते. काळ्याभोर डोळ्यांत ही हालचाल बाहेरून दिसत नाही, कारण बाहुली आणि बुबुळ एकाच रंगात मिसळलेले असतात. घाऱ्या डोळ्यांत ती उघडी पडते. फिकट डोळे ‘बोलके’ वाटतात त्यामागे हेही एक कारण असावं, असं मला वाटतं. बाहुली दिसते, म्हणून आतली हालचाल दिसते.

छापील घाऱ्या डोळ्यात रंग येतो, ही हालचाल मात्र पुरती येत नाही. आपण दार रंगवून घेतो, बिजागरी तशीच गंजलेली राहते.

कुणी लेन्स काढली, कुणी ठेवली

पडद्यावरच्या तीन गाजलेल्या उदाहरणांकडे बघू. तिन्ही तुमच्या फोनवर आत्ता मिळतील.

हॅरी पॉटरचे डोळे पुस्तकात हिरवे आहेत आणि ते आईवर गेले आहेत ही गोष्ट कथेच्या मुळाशी आहे. डॅनियल रॅडक्लिफचे डोळे निळे. हिरव्या लेन्स घालून पाहिल्या, त्याच्या डोळ्यांना त्या सोसल्या नाहीत आणि निर्मात्यांनी त्या काढून टाकल्या. गंमत म्हणजे शेवटच्या भागातल्या आठवणींत त्याच्या आईची लहानपणची भूमिका केलेल्या मुलीचे डोळे तपकिरी आहेत. चाहते आजही यावर भांडतात. पण सिनेमा चालू असताना किती जणांना खटकलं? ‘आईचे डोळे’ हा प्रसंग स्नेपच्या चेहऱ्यामुळे चालतो. हॅरीच्या बुबुळांकडे तेव्हा आपलं लक्षही नसतं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये टारगेरियन घराण्याचे डोळे पुस्तकात जांभळे आहेत. मालिकेसाठी जांभळ्या लेन्स करून पाहिल्या आणि सोडून दिल्या. केस मात्र रुपेरी ठेवले. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. केस अभिनय करत नाहीत, त्यामुळे ते खोटे चालतात. डोळ्यांचं तसं नाही.

‘ट्वायलाइट’मध्ये मात्र लेन्स ठेवल्या, आणि ढीगभर ठेवल्या. माणसांचं रक्त पिणाऱ्या व्हँपायरचे डोळे लाल, फक्त प्राण्यांवर भागवणाऱ्यांचे सोनेरी, तहानलेल्यांचे काळे. राउटरवरच्या दिव्यांसारखं. लाल लागला की समजायचं, काहीतरी बिघडलंय. मी हे थट्टेने म्हणतोय, पण इथे लेन्स योग्य जागी आहे. तिने भावना दाखवावी अशी अपेक्षाच नाही, फक्त माहिती द्यावी एवढीच आहे. शिवाय व्हँपायर म्हणजे जिवंतपणा गोठलेला प्राणी. लेन्समुळे डोळ्यांत येणारा थिजलेपणा त्याला शोभून दिसतो.

याच सिनेमातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. नायिका बेलाचे डोळे पुस्तकात तपकिरी आहेत आणि क्रिस्टन स्टुअर्टचे खरे डोळे हिरवे. म्हणून तिने तपकिरी लेन्स घातल्या. ज्या रंगाला आपण ‘साधा’ म्हणतो तो मिळवण्यासाठी एका हिरव्या डोळ्यांच्या नटीने लेन्स घातली! त्या गोष्टीत तपकिरी म्हणजे माणूसपण. ऊबदार, मर्त्य, रक्त असलेलं. पुढे बेलाला मुलगी होते, तेव्हा आईचे तपकिरी डोळे तिच्याकडे आले यालाही अर्थ आहे.

गोरी, घारी, सडपातळ

आता आपल्याकडे या.

मराठीत डोळ्यांच्या रंगासाठी रोजच्या वापरात शब्द फार थोडे आहेत, पण ‘घारा’ हा एक शब्द मात्र ठसठशीत आहे. आणि तो एकटा येत नाही. स्थळं बघतानाच्या बोलण्यात तो ‘गोरी’ला चिकटून येतो. ‘गोरी, घारी’ असं एका दमात म्हटलं जातं, जणू तो एकच शब्द आहे. त्याला जातीचाही वास आहे. अमुक जातीचे म्हणजे गोरे-घारे, हे समीकरण आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच वेळी ‘घाऱ्या डोळ्यांचा माणूस लबाड’ असंही ऐकतो. कौतुक आणि संशय दोन्ही आहेत. तपकिरी डोळ्यांबद्दल मात्र चांगलं-वाईट काहीच बोललं जात नाही. ते धरलेलेच असतात, इंजिनीअरच्या भाषेत डीफॉल्ट.

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीचं लग्न संगमनेरला झालं. मेकअपच्या पॅकेजमध्ये केस, साडी नेसवणं, नेलपॉलिश आणि ‘लेन्स’ असं सगळं एका ओळीत होतं. करड्या रंगाच्या लेन्स. मेकअपवाल्या ताई म्हणाल्या, “फोटोत डोळे उठून दिसतात हो.” मुंडावळ्या, नथ, हिरवा चुडा आणि त्यावर करडे डोळे. आजीने तिला जवळ घेऊन निरखून पाहिलं आणि विचारलं, “डोळ्यात फूल पडलं का गं?” सगळे हसले. आजीच्या पिढीत डोळ्यात फूल पडणं म्हणजे बुबुळावर पांढरा डाग येणं, नजर अधू होणं. तिला फॅशन दिसली नाही, दुखणं दिसलं. तिचं निदान चुकलं, पण निरीक्षण चुकलं नाही. डोळ्यातलं काहीतरी झाकलं गेलंय, हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं.

मी नंतर बहिणीला विचारलं, तुला स्वतःला आवडलं का? ती म्हणाली, “अरे, एक दिवस मला दुसरी कुणीतरी दिसायचं होतं. शालू तरी मी रोज कुठे नेसते?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं म्हणणं खरं आहे. लग्नात नवरा-नवरी भूमिकेतच असतात, लेन्स हा त्या भूमिकेचा पोशाख. (तिने एक काम चोख केलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन माप घेतलं आणि लेन्स स्वतःच्या घेतल्या. नंबर नसलेली लेन्ससुद्धा बुबुळावरच बसते. एकीची दुसरीला घातली तर जंतूही सोबत जातात आणि त्यातून नजर जाऊ शकते. अमेरिकेत २००५पासून निव्वळ शोभेच्या लेन्सलाही कायद्याने वैद्यकीय उपकरण मानतात, ते याचमुळे.)

तरी एक प्रश्न उरतो. ‘दुसरी कुणीतरी’ नेहमी करड्या किंवा निळ्या डोळ्यांचीच का? भूमिकेसाठी रंग बदलायचा तर तो दोन्ही दिशांनी बदलायला हवा. स्टुअर्टने हिरव्याचा तपकिरी केला, कारण गोष्टीला तपकिरी हवा होता. आपल्याकडे मेकअपच्या डब्यात तपकिरी लेन्स असली तरी ती मूळ रंगापेक्षा एक पायरी उजळच असते. वाट एकाच बाजूला उतरते. फेअरनेस क्रीमवर आता आपण मोकळेपणाने बोलतो, जाहिराती बदलल्या, नावं बदलली. तोच हिशोब चार बोटं वर सरकून बुबुळावर येऊन बसला, तेव्हा तो आपल्याला ‘लूक’ वाटला.

मग त्या सिनेमाचं काय?

सुबोध भावेने घाणेकरांच्या आधी बालगंधर्व (२०११) आणि लोकमान्य टिळक (२०१५) केले. ‘बालगंधर्व’मध्ये शालू-दागिने होते, पण त्यामागे एका पुरुषाचं स्त्री होऊन चालणं-बसणं होतं. ‘लोकमान्य’मध्ये पगडी-मिशा होत्या, पण त्यामागे ताठ पाठ आणि करारी आवाज होता. दोन्हीकडे बाह्य खुणा अभिनयाला आधार देत होत्या.

घाणेकरांच्या बाबतीत अशी ठळक बाह्य खूण एकच, डोळे. त्यामुळे सिनेमा पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे जातो. क्लोज-अप येतो, उजेड समोरून पडतो, रंग चमकतो आणि आपण म्हणतो, “सेम!” साम्य पटवण्याचं काम लेन्स चोख करते. पोस्टरसाठी यापेक्षा जास्त लागत नाही.

पण सिनेमाची गोष्ट साम्याची नाही. एका दंतवैद्याला रंगभूमीचं वेड लागतं, तो पहिला सुपरस्टार होतो, मग त्या टाळ्यांशिवाय त्याला जगता येत नाही, दारू येते, नवं नाटक येतं, नव्या पद्धतीचा अभिनय घेऊन डॉ. लागू येतात आणि हा माणूस आपल्याच प्रतिमेत अडकून पडतो. अशा माणसाचे डोळे गोष्ट पुढे जाईल तसे बदलायला हवेत. सुरुवातीला भूक, मग माज, मग भीती. नेमकं हेच छापील रंगाला जमत नाही. चढत्या काळातला आणि पडत्या काळातला घारेपणा एकाच छटेचा राहतो. ज्या दृश्यांत माणूस आतून कोसळतोय तिथे कॅमेरा डोळ्यांजवळ जातो आणि तिथे आपल्याला रंग जास्त दिसतो, माणूस कमी. भावे पापण्यांनी, भुवयांनी, तोंडाच्या कोपऱ्यांनी ही उणीव भरून काढतो. तो मेहनती नट आहे आणि ती मेहनत दिसते. पण ती दिसते, हीच अडचण आहे.

याउलट नाटकांचे प्रवेश जिथे पुन्हा उभे केलेत, तिथे कॅमेरा प्रेक्षकांच्या जागी जातो. नट लहान होतो, प्रेक्षागृह मोठं होतं. डोळे पुन्हा तीन पिक्सेलचे होतात. आणि तिथे हा सिनेमा सगळ्यात खरा वाटतो. विंगेतून येणारी चाल, वाक्याआधीची शांतता आणि त्या शांततेत फुटणारी शिट्टी. चेहऱ्याचा तपशील दिसत नाही, तरी घाणेकर दिसतात. लेन्स तिथेही डोळ्यांत असणारच, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. तिच्याशिवायही तो प्रवेश तेवढाच उभा राहिला असता.

कुणी म्हणेल, चरित्रपटात साम्य नको का? हवं. विशेषतः ज्यांनी घाणेकरांना पाहिलं त्यांच्यासाठी. काळेभोर डोळे घेऊन घाणेकर उभे केले असते तर कदाचित पहिल्या दहा मिनिटांत थिएटरातून ‘हे ते नव्हेत’ अशी कुजबुज ऐकू आली असती. पण हॅरी पॉटरने ही कुजबुज सोसली आणि तो टिकला. टारगेरियनही टिकले. पहिली दहा मिनिटं सोसायची तयारी असेल, तर उरलेले दोन तास नटाला त्याचे स्वतःचे डोळे परत मिळतात. माझं मत विचाराल तर हा सौदा फायद्याचा आहे.

यात डावावर एका नटाची आठवण आहे. माझ्या वयाच्या बहुतेकांना घाणेकर या सिनेमातूनच कळले. पुढच्यांना तर रील्समधून कळतील आणि पंधरा सेकंदांत डोळ्यांइतकं सोपं दुसरं काय दाखवता येणार? हळूहळू ‘घाऱ्या डोळ्यांचा हिरो’ एवढंच उरेल. जे नाट्यगृहात कधी नीट दिसलंच नाही, तेच नाट्यगृहातल्या माणसाचं ओळखपत्र होऊन बसेल.

आणि याचं उत्तर सिनेमाच्या नावातच आहे. प्रयोगाआधी नटांची नावं जाहीर व्हायची, एकेक करून. सगळ्यात शेवटी, क्षणभर थांबून, ‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’. पडदा अजून बंद. नट विंगेत, कुणालाच दिसत नाही. आणि तरी थिएटर दणाणून जायचं. ‘आणि’च्या आधीची ती तीन टिंबं शीर्षकात जपून ठेवावीशी वाटली, यातच दिग्दर्शक अभिजीत देशपांडे यांची नस बरोबर सापडली होती. लोक ज्यासाठी वेडे झाले ते कानांनी ऐकलेलं एक नाव होतं. त्या क्षणी डोळे घारे आहेत की काळे, हे बघायला समोर कुणी उभंच नव्हतं.